धुलाई ते डिझेल, मार्गे हवा

"चला, धुलाई ते डिझेल, मार्गे हवा! उतरणाऱ्यांनी आधी उतरा!"

बस डेपोच्या गॅरेजमधला थोरला मेकॅनिक रोज सकाळी दारात उभा राहून असा ओरडायचा. स्टिअरिंगवर बसलेले आतले काका जराही न हसता खिडकीतून हात बाहेर काढून म्हणायचे, "सुट्टे हातात ठेवा. नंतर कटकट नको."

मग बस हलायची. धुलाईच्या फवाऱ्याखालून निघून चाकात हवा भरायला, तिथून डिझेलच्या पंपापाशी, तिथून रांगेत. रांगेत लावली की काका उतरायचे आणि पुढची घ्यायचे. फाटकाबाहेर बस नेणारा ड्रायव्हर वेगळा. तो यायचा, आरसा आपल्या उंचीला आणायचा, आणि काकांनी खांब नि भिंत यांच्यामधून अलगद काढून दिलेली गाडी घेऊन निघून जायचा.

बाहेरचे ते बाहेरचे, आणि हे आतले काका. नव्याने लागलेल्या पोरांना कित्येक दिवस ते त्यांचं आडनावच वाटायचं.

हात मात्र असा की बघत राहावं. दोन बसच्या मध्ये तळहात जेमतेम शिरेल एवढी फट ठेवून ते गाडी उलटी लावायचे, तीही एका दमात. एखादा नवखा ड्रायव्हर तोंडात बोटं घालायचा. "काका, एवढा हात असून बाहेर का नाही हो गेलात कधी?"

"बाहेर ट्रॅफिक फार," काका म्हणायचे.

खरं तर गेले होते. ऐन पंचविशीत परीक्षा पास होऊन त्यांना डोंगराकडची लांबची लाईन मिळाली होती. वळणावळणाचा रस्ता, मागे झोपलेले प्रवासी, खिडकीतून येणारी गार हवा. काही महिनेच चाललं ते. मग तहान लागायला लागली. बाटल्यांवर बाटल्या रिकाम्या व्हायच्या आणि दर थोड्या वेळाने गाडी बाजूला घ्यावी लागायची. मागून आवाज यायचा, "काय हो ड्रायव्हरसाहेब, पुन्हा?" आणि दुसरा कुणी म्हणायचा, "अहो, गाडीला पाणी लागतं, तसं ड्रायव्हरलाही लागतं!" सगळी बस हसायची. वजन उतरलं, गणवेश खांद्यावरून लोंबायला लागला, तेव्हा आई त्यांना धरून दवाखान्यात घेऊन गेली.

तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी त्यांना नुसतं नजरेनेच जोखलं. अंगाने बारीक, वयाने तरुण, साखर एवढी चढलेली. "टाइप वन," ते म्हणाले. "आता जन्मभर इन्सुलिन. घरात आणखी कुणाला आहे?"

आई ताठ झाली. "आमच्याकडे? छे! आमच्या घरात एक तरी पोट सुटलेला माणूस दाखवा."

आई खोटं बोलत नव्हती. काकांच्या वडिलांना तरुणपणीच साखर निघाली होती, पण ती भट्टीपुढच्या कामाने, सगळा जीव आटला म्हणून. आत्यालाही होती, पण तिचा नवरा गेला आणि तिने ते मनाला लावून घेतलं म्हणून. आजीच्या पायाची जखम भरलीच नाही, ती तर खिळ्याची जखम. ह्या घरात प्रत्येकाकडे आपापला साखरेचा आजार होता आणि आपापलं कारण होतं. कुणाचं कारण कुणाला लागू पडत नव्हतं, मग घराण्याचा आजार कसा म्हणायचा? डॉक्टरांनी कागदावर 'कुणाला नाही' असं लिहिलं आणि पुढचा पेशंट आत बोलावला.

इन्सुलिन घेणाऱ्या माणसाने प्रवासी न्यायचे नाहीत, असा डेपोचा नियम होता. नियमात चूक काही नव्हती. साखर अचानक उतरली, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर मागे बसलेल्यांनी काय करायचं? साहेबांनी काकांना आतल्या कामावर घेतलं. "तात्पुरतं हं," ते म्हणाले. त्या साहेबांची बदली झाली, त्यांच्या जागी आलेल्यांचीही झाली. तात्पुरतं तेवढं राहिलं.

आता काकांनी काय केलं ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

दवाखान्यातून सोडताना डॉक्टरांनी दटावलं होतं, "एक दिवस चुकवाल तर बेशुद्ध होऊन पडाल. मग मला सांगायला याल तेही चार खांद्यांवरून." काकांचा त्यावर पूर्ण विश्वास बसला. तरी वर्षाची डेपोतली तपासणी जवळ आली तेव्हा त्यांच्या डोक्यात एक किडा शिरला. समजा, इन्सुलिन न घेताच आपण धडधाकट उभे राहिलो, तर? तर साहेब म्हणतील, अरे, हा तर बरा झाला, द्या ह्याला लाईन.

इंजेक्शन ते न्हाणीघरात जाऊन घ्यायचे, कारण बायकोला सुई बघवायची नाही. त्या दिवशी त्यांनी सुई मोरीत रिकामी केली आणि पलंगाच्या कडेला मरणाची वाट बघत बसले. मरण काही आलं नाही. तहान आली, थकवा आला, लघवीच्या खेपा आल्या. पण दुसऱ्या दिवशी ते कामावर होते, तिसऱ्या दिवशीही होते. जेवण निम्मं करून, दात-ओठ खाऊन त्यांनी आठवडा काढला. तपासणीत साखर वाढलेलीच निघाली. "डोस वाढवा," तिथला डॉक्टर म्हणाला. काका घरी आले आणि निमूटपणे पुन्हा सुई टोचायला लागले.

पुढल्या वर्षी तेच. त्याच्या पुढल्या वर्षीही तेच. दरवर्षी तपासणीच्या आधी मोरीत इन्सुलिन, दरवर्षी तहान, दरवर्षी नकार. आणि जेव्हा जेव्हा कुठल्याही डॉक्टरने विचारलं, "डोस चुकवता का?" तेव्हा तेव्हा काका छाती पुढे काढून म्हणायचे, "एकदाही नाही." डॉक्टर खूश व्हायचे. "असे पेशंट पाहिजेत," म्हणायचे.

हा आठवडा आपण जिवंत काढूच कसा शकतो, हा प्रश्न त्यांना पडायचा नाही असं नाही. पण त्याचं उत्तर त्यांनी स्वतःपुरतं काढून ठेवलं होतं. आपण चिवट आहोत, आणि आपण फार मोठं पाप करतोय. आजार ओळखण्यातच काही चुकलं असेल, हे त्यात कुठेच बसत नव्हतं.

घर मात्र त्या सुईच्या तालावर चालायचं. बायको घरीच शिवणकाम करायची, पण मशीनवरून दर थोड्या वेळाने तिची नजर घड्याळाकडे जायची. प्रत्येक पर्समध्ये, प्रत्येक खिशात साखरेची पुडी. कुणाकडे जेवायला गेलं की आधी स्वयंपाकघरात जाऊन, मान खाली घालून, "आमच्या ह्यांना जरा लवकर वाढाल का?" तिची सख्खी बहीण दूर समुद्राकाठच्या गावात राहायची. तिथे जायला रात्रभराचा प्रवास. "वाटेत ह्यांना काही झालं तर?" म्हणून तो प्रवास दर वर्षी पुढच्या वर्षावर ढकलला गेला.

आणि मग लेक ड्रायव्हर झाली.

ती डेपोतच वाढली होती. बाबांचा डबा घेऊन यायची आणि रिकाम्या बसमध्ये स्टिअरिंगला लोंबकळायची. परीक्षा पास झाली तेव्हा मेकॅनिक म्हणाला, "काका, लेकीने फाटक ओलांडलं हो!" पहिल्या दिवशी तिची बस काकांनीच रांगेतून काढून दिली. ती चढली आणि खेकसली, "बाबा, सीट केवढी मागे नेऊन ठेवलीय!"

"माझे पाय लांब आहेत."

"पाय नाही, तोरा लांब आहे तुमचा. उतरा आता, लोक खोळंबलेत."

काका उतरले. गाडी फाटकातून बाहेर वळेपर्यंत ते तिथेच उभे होते. मागून दोन हॉर्न वाजले तेव्हा कुठे बाजूला झाले.

वर्ष झालं आणि तिची तपासणी आली. साखर वाढलेली. अंगाने बारीक, वयाने तरुण. ह्या वेळी डॉक्टर दुसरे होते, पण नजर तीच. वडिलांना टाइप वन आहे म्हटल्यावर त्यांना फारसा विचारही करावा लागला नाही. इन्सुलिन सुरू झालं आणि लेकीला चौकशीच्या खिडकीत बसवण्यात आलं. "तात्पुरतं," नवे साहेब म्हणाले. काकांनी तो शब्द बरोबर ओळखला.

तिला खिडकीत बसून आठवडा झाला असेल नसेल, मेकॅनिक सवयीने ओरडला, "आतले काका, आतली ताई! खानदानी डेपो आहे बुवा हा!"

सगळे हसले. काकाही हसले, हसायची सवयच होती. लेकही हसली. मग तिने हात लांब करून खिडकीची झडप खाली ओढली. बाहेर माणसं उभी होती, बंद करायची वेळ झालेली नव्हती.

दवाखाना बदलू या, असं बायकोच म्हणाली. तिघंही शहरातल्या मोठ्या रुग्णालयात गेले. साखरेच्या विभागात एक तरुण डॉक्टरीण होती. तिने लेकीचे रिपोर्ट दोनदा वाचले, पेन कानामागे खोचलं आणि म्हणाली, "मला इथे एक गोष्ट खटकतेय. टाइप वनमध्ये शरीर स्वतःचंच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर उठतं. त्याच्या खुणा रक्तात सापडतात. हिच्या रक्तात एकही नाही. काका, तुमचं निदान कसं झालं होतं?"

"बघून," काका म्हणाले.

"बघून?"

"मोठे डॉक्टर होते. त्यांनी बघितलं."

ती हसली नाही. "तुमच्या वडिलांना होती साखर? त्यांच्या आईला? बहिणीला?"

काकांनी भट्टी सांगितली, आत्याचं दुःख सांगितलं, आजीचा खिळा सांगितला. डॉक्टरीण कागदावर गोल आणि चौकोन काढत गेली, त्यांना रेघांनी जोडत गेली. सगळं वरून खाली, एकाखाली एक. बायको वाकून बघायला लागली.

"एक प्रकार असतो," डॉक्टरीण म्हणाली, "फार थोड्या लोकांना होतो. एका जनुकात चूक असते आणि ती आईबापाकडून मुलांकडे उतरते. दर मुलाला निम्मी शक्यता. माणसं बारीक असतात, तरुणपणीच साखर चढते, म्हणून सगळ्यांना टाइप वन वाटतो. पण शरीर थोडं का होईना स्वतःचं इन्सुलिन बनवत राहतं. ह्यातल्या काही जणांना साधी गोळीच पुरते."

लेक खुर्चीत पुढे सरकली. "गोळीवर असलं की गाडी चालवता येते."

"थांब, एवढ्यात नको उड्या मारू. जनुकाची तपासणी बाहेर पाठवावी लागते, त्यासाठी ठोस कारण दाखवावं लागतं. ज्यांचं कारण पक्कं, त्यांचीच आधी होते." तिने काकांकडे पाहिलं. "काका, खरं सांगा हं. इन्सुलिन कधी काही दिवस बंद झालं होतं का? आजारपणात, प्रवासात? टाइप वनवाला माणूस त्याशिवाय आठवडाभर धड उभा राहू शकत नाही. तुम्ही राहिला असाल, तर मला फार मोठा धागा मिळेल."

उजव्या हाताला बायको होती. डाव्या हाताला लेक. काकांच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "एकदाही नाही."

"नाही हो, ह्यांचं त्या बाबतीत फार कडक असतं," बायको अभिमानाने म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "मग तुमचं टाइप वनच असेल. बघू, हिचं वेगळं असू शकतं. नाव लावून ठेवते, नंबर लागेल तेव्हा लागेल."

बाहेर बाकावर लेक बसली होती. आई तिच्या पाठीवरून हात फिरवत होती.

"जाऊ दे गं. खिडकीत काय वाईट आहे? सावलीत बसायचं. बाबांनी नाही का काढली एवढी वर्षं?"

"हो ना," लेक म्हणाली. "बाबांनी काढलीच की."

त्यात टोमणा नव्हता. असता तर काकांनी झेलला असता. ती खरोखरच स्वतःची समजूत घालत होती. काका उठले आणि दारावर न टकटकता आत शिरले. दुसरा पेशंट शर्टाची बटणं सोडून बसला होता.

"बाई, चुकवलंय," काका म्हणाले. "दर वर्षी. आठवडा आठवडा."

"काका, बाहेर थांबा, मी बोलावते."

"नाही, आत्ताच सांगतो. नंतर नाही जमायचं मला."

त्यांनी सगळं उभ्यानेच सांगितलं. मोरी, तहान, तपासण्या. दार उघडंच राहिलं होतं. मागे बायको येऊन उभी राहिली होती, हे त्यांना डॉक्टरीणबाईंच्या नजरेवरून कळलं.

"हे कुणीही घरी करून बघायचं नसतं," डॉक्टरीण हळू म्हणाली. "वाचलात ते ह्या प्रकारामुळे असेल. पण मला एक सांगा, हे तुम्ही आधी कुणालाच कसं नाही सांगितलं?"

"रागावले असते."

"कोण?"

काकांनी मागे दाराकडे पाहिलं. शर्ट सोडून बसलेला पेशंटच शेवटी म्हणाला, "अहो, सगळेच. मीपण कुठे सांगतो?"

त्या धाग्यावर पुढची कामं भराभर झाली. काकांचं रक्त घेतलं. एवढ्या वर्षांनंतरही त्यांचं शरीर थोडं इन्सुलिन बनवत होतं. दोघांचे नमुने बाहेर गेले आणि उत्तर आलं. दोघांच्याही त्याच जनुकात तीच चूक. डॉक्टरांच्या देखरेखीखाली लेकीचं इन्सुलिन सुटलं आणि एक छोटी गोळी सुरू झाली. गोळीनेही साखर कधी खाली येऊ शकते, म्हणून गाडी सुरू करण्याआधी बोटाचा थेंब तपासायचा, हे साहेबांनी लिहून घेतलं आणि तिला लाईन परत दिली. तीच डोंगराकडची.

काकांचीही सुई सुटली. त्यांना वाटलं होतं, बायको आनंदाने रडेल. ती मशीनवर बसली होती, पाय चालतच राहिले.

"म्हणजे ही गोळी तेव्हाही होती?"

"जुनीच आहे म्हणे. स्वस्तातली."

"आणि तुम्ही मला शपथेवर सांगायचात, एकदाही चुकवलं नाही म्हणून."

"अगं, तुला काळजी वाटेल म्हणून."

"काळजी!" मशीन थांबलं. "काळजीचीच भाकरी खात होते की मी. आणखी एक तुकडा गिळला असता! तुम्ही बोलला असता, कुणीतरी विचार केला असता. माझी बहीण तिकडे म्हातारी झाली. तिची मुलं मोठी झालेली मी फोटोत बघितली. तुम्हाला वाटेत काही होईल म्हणून. आणि तुम्हाला, तुम्हाला काहीसुद्धा होत नव्हतं!"

"साखर तर होतीच ना गं..."

"गप्प बसा तुम्ही."

तिचं बरोबरच होतं, आणि पूर्ण बरोबरही नव्हतं. तेव्हा ती तपासणी कुठे असेल, कुणी इतकं खोल बघितलं असतं का, कोण जाणे. पण 'कोण जाणे' एवढं म्हणायचा हक्कही त्यांनी मोरीत ओतून टाकला होता. विचारायची संधी त्यांनी कुणाला दिलीच नव्हती. आत्या इन्सुलिनवरच गेली, झोपेत साखर उतरून. तिला तरी विचारलं असतं, आत्या, तुझं चुकतं का गं कधी, काय होतं मग? दोघंही एकाच खोलीत बसून आपापलं झाकत होते.

बायको दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी ती एकटीच बहिणीकडे निघून गेली. स्टँडवर सोडायला काका गेले, तर म्हणाली, "जेवा वेळेवर." मग स्वतःचाच राग येऊन तिने खिडकीची काच लावून घेतली.

पुढे साहेबांनीच काकांना बोलावलं. "काका, आता तुम्ही सुईवर नाही. निवृत्तीला अजून अवकाश आहे. बाहेरच्या लाईनसाठी अर्ज का नाही करत?" मेकॅनिकने तर गॅरेजभर हाकाटी केली. "काका बाहेर पडतायत! रस्ते रिकामे करा!"

काकांनी अर्ज केला. लेकीने सुट्टीच्या तासात येऊन त्यांच्या शर्टाची कॉलर नीट केली आणि डोळ्यांच्या तपासणीला बरोबर आली. ती बाहेर थांबली. आत त्यांनी एक डोळा झाकला, मग दुसरा. वरच्या ओळी वाचल्या, मधल्या अंदाजाने वाचल्या, खालच्या दिसल्याच नाहीत. डॉक्टरांनी दिवा मारून बराच वेळ आत बघितलं. डोळ्यांच्या मागच्या पडद्यावर जुन्या साखरेने डाग पाडले होते. आहे ते टिकवता येईल, म्हणाले. प्रवासी नेण्याइतकं होणार नाही.

काका बाहेर आले. लेकीने त्यांच्या तोंडाकडे बघितलं.

"डोळे," काका म्हणाले.

"दुसऱ्या डॉक्टरांना दाखवू. परवा तुम्हीच म्हणालात ना, बघून काही कळत नसतं."

"नाही गं. ह्यांनी नीट बघितलं. मलाही बऱ्याच दिवसांपासून कळत होतं, रांगेत लावताना. ते सांगितलं मी आत. न विचारता."

लेकीने त्यांचा हात धरला. तो तिने तसा लहानपणानंतर कधी धरला नव्हता. दोघं जिना उतरायला लागले. कठड्यावर हात ठेवून काका पायरी चाचपत होते, हे तिला आज पहिल्यांदा दिसलं आणि तिने आपली चाल हळू केली.

"वाईट वाटतंय?" तिने विचारलं.

"वाटतंय की," काका म्हणाले. "खूप वाटतंय."

एवढ्या वर्षांत हा प्रश्न त्यांना डेपोत शंभर जणांनी या ना त्या शब्दांत विचारला असेल, आणि त्याला ट्रॅफिकपासून पगारापर्यंत काहीही उत्तर मिळालं होतं. दोघं खाली रस्त्यावर आले तेव्हा लेकीच्या ड्युटीची वेळ होत आली होती, आणि ती तशीच उभी राहिली, त्यांचा हात धरून.